वर्गमूळाची रीत आणि तिची उपपत्ती : एक परीक्षण

गणिताच्या ग्रंथाचे परीक्षण म्हणजे त्यातील उत्तरे बरोबर आहेत की नाहीत हे पाहणे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. काव्यग्रंथ हाती आला म्हणजे आपण विचारतो की, कवीने काय सांगितले, काय गाळले, आणि जे गाळले ते वाचकाला आपल्या बळावर भरून काढता येईल असा विश्वास त्याने कशाच्या आधारावर धरला. अंकगणिताच्या पुस्तकाला हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. वस्तुतः रीत सांगणारे वाक्य हेही वाक्यच होय. त्यातही शब्दांची निवड असते, त्यातही गाळलेल्या जागा असतात, आणि त्या गाळलेल्या जागांचा भुर्दंड कोणाला तरी भरावा लागतो. वर्गमूळ हाताने काढण्याची रीत आपल्या ग्रंथांतून कोणत्या शब्दांत उतरत आली, आणि त्या प्रवासात तिच्यातून काय निसटले, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. हा विषय मला ग्रंथालयात सुचला नाही. तो मोखाडा तालुक्यातील एका वरकस शेताच्या बांधावर सुचला, म्हणून तेथूनच आरंभ करणे योग्य होईल.

जव्हारचे संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले आणि तो मुलूख ठाणे जिल्ह्यात आला. २०१४ च्या ऑगस्टपासून जव्हार आणि मोखाडा हे तालुके पालघर जिल्ह्यात मोडतात. ह्या डोंगराळ भागात सपाट भातखाचरे थोडी, आणि नागली-वरई घेण्याची उताराची जमीन पुष्कळ. ह्यांपैकी बरीच जमीन वनखात्याच्या नकाशावर जंगल म्हणून दाखविलेली, आणि कसणारी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या तीच कसत आलेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा कुटुंबांना प्रत्यक्ष कसत असलेल्या जमिनीवर, कमाल ४ हेक्टरांपर्यंत, हक्क मागता येऊ लागला. हक्क मागावयाचा म्हणजे किती जमीन हे सांगावयास हवे, आणि ते सांगावयाचे म्हणजे मोजावयास हवे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका मोजणीच्या वेळी मी उपस्थित होतो. शेत त्रिकोणी होते. तळाचा बांध ९० मीटर, एक कड ६० मीटर, दुसरी ७० मीटर; दोरीने दोनदा मोजून हे आकडे आले होते. हिशोबाचे काम घरातल्या मुलाकडे होते. तो दहावीपर्यंत शिकलेला होता आणि त्रिकोणाच्या तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याचे हेरॉनचे सूत्र त्याला पाठ होते. बाजूंच्या बेरजेचे निम्मे ११०. त्यातून एकेक बाजू वजा करून ५०, ४० आणि २०. चौघांचा गुणाकार ४४,००,०००. येथवर त्याचे काम निर्दोष होते. आता ह्या संख्येचे वर्गमूळ काढावयाचे. त्याने अंकांच्या जोड्या पाडल्या, पण डावीकडून : ४४, ००, ००, आणि उरलेले एक शून्य. मग रीतीप्रमाणे सहा, पुन्हा सहा, तीन, आणि शेवटी शून्य. उत्तर आले ६,६३० चौरस मीटर, म्हणजे साडेपासष्ट गुंठे. त्याने तो आकडा कागदावर लिहून खाली रेघ मारली.

शेजारी त्याचे आजोबा उकिडवे बसले होते. त्यांना कागद वाचता येत नव्हता. नातवाने आकडा गुंठ्यांत सांगितला तेव्हा ते इतकेच म्हणाले, "एवढी नाय ती."

आजोबांचे म्हणणे खरे होते. ४४,००,००० ह्या संख्येचे मूळ सुमारे २,०९८ आहे, ६,६३० नव्हे. जोड्या उलट्या बाजूने पाडल्यामुळे उत्तर तिपटीहून अधिक फुगले. ही चूक तशीच पुढे गेली असती तर तिचा परिणाम काय झाला असता हे सांगावयास नको : एकवीस गुंठ्यांच्या शेतासाठी पासष्ट गुंठ्यांचा दावा करणारा मनुष्य तपासणी करणाऱ्याच्या नजरेत चुकलेला ठरत नाही, तो लबाड ठरतो.

आता प्रश्न असा की, मुलाने चूक केली, की त्याला जे वाक्य शिकविले गेले त्यातच चुकीला वाट होती? माझे मत दुसऱ्या पक्षाचे आहे. शाळेत शिकविली जाणारी भागाकार-पद्धत थोडक्यात अशी सांगितली जाते : उजवीकडून दोन-दोन अंकांच्या जोड्या करा, पहिल्या जोडीत मावणारा मोठ्यात मोठा वर्ग वजा करा, पुढची जोडी खाली घ्या, मुळाची दुप्पट करून तिच्यापुढे असा अंक लिहा की, त्याच अंकाने गुणले असता बाकीत मावेल. उजवीकडूनच का? जोड्याच का, तिकड्या का नव्हेत? दुप्पट कशासाठी? दुपटीपुढे लिहावयाचा अंक आणि गुणावयाचा अंक एकच का? ह्या चारही प्रश्नांवर वाक्य मौन धरते. त्यात संख्या दशांशयुक्त असली तर दशांश चिन्हाच्या उजवीकडील जोड्या डावीकडून उजवीकडे पाडावयाच्या असतात. म्हणजे विद्यार्थ्याच्या स्मरणात एकाच रीतीच्या दोन दिशा साठविलेल्या असतात आणि कोणती कोठे लावावयाची ह्याचे कारण कोठेच साठविलेले नसते. आमच्या मुलाने दुसरी दिशा पहिल्या जागी लावली. स्मरणशक्तीवर सर्व भार टाकणाऱ्या वाक्याचा हा अपेक्षित परिणाम आहे.

ह्या वाक्याचा पूर्वज 'लीलावती'त आहे. भास्कराचार्यांनी शके १०७२ मध्ये, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, सिद्धान्तशिरोमणी रचला. 'लीलावती' हा त्याचा पाटीगणिताचा भाग. तेथील वर्गमूळाचे सूत्र आणि आजचे वाक्य शेजारी ठेवून वाचले असता पहिली गोष्ट नजरेत भरते ती ही की, भास्कराचार्य जोड्यांचा उल्लेखच करीत नाहीत. ते स्थानांना 'विषम' आणि 'सम' अशी नावे देतात. एककाचे स्थान पहिले, म्हणून विषम. दशकाचे दुसरे, म्हणून सम. शतकाचे पुन्हा विषम. हा केवळ नावांचा फरक नव्हे. विषम स्थाने म्हणजे १, १००, १०,००० ह्यांची स्थाने, आणि हे सर्व पूर्ण वर्ग आहेत. १० किंवा १,००० हे कोणत्याही पूर्णांकाचे वर्ग नाहीत. वर्ग वजा करावयाचा तो विषम स्थानातूनच का, ह्याचे कारण त्या एका शब्दात गुंडाळून ठेवलेले आहे. 'विषम' शब्द ज्याने समजून घेतला त्याला डावीकडून मोजता येणारच नाही, कारण डावीकडचे पहिले स्थान विषम आहे की सम हे एककापासून मोजल्याखेरीज कळतच नाही. 'जोडी' हा शब्द मात्र कोणत्याही टोकापासून सुरू करता येतो.

दुसरा फरक अधिक महत्त्वाचा आहे. आजच्या रीतीत ज्या दोन क्रिया एकत्र शिवल्या आहेत त्या 'लीलावती'त वेगवेगळ्या आहेत. भास्कराचार्यांचेच उदाहरण घेऊ. २९७ चा वर्ग त्यांनी करावयास सांगितला आणि त्याचे मूळ पुन्हा काढावयास सांगितले. तो वर्ग ८८,२०९. शेवटचे विषम स्थान ८. त्यातून २ चा वर्ग ४ वजा केला, बाकी ४. मुळाची दुप्पट ४ ही निराळ्या पंक्तीत लिहिली. पुढचे स्थान सम : ४८ ला ४ ने भागावयाचे. भागाकार १२ येतो, पण स्थानात एकच अंक मावतो, म्हणून ९ घेतला. ३६ गेले, बाकी १२. पुढचे स्थान विषम : १२२ मधून ९ चा वर्ग ८१ वजा, बाकी ४१. पंक्तीत आता ५८. सम स्थानी ४१० ला ५८ ने भागून ७; ४०६ गेले, बाकी ४. विषम स्थानी ४९ मधून ७ चा वर्ग ४९ गेला आणि काही उरले नाही. पंक्तीत ५९४ आले. त्याचे निम्मे २९७.

हे जमिनीवर मांडून पाहावे. ८८,२०९ चौरस हातांचे एक चौरस शेत आहे, बाजू काढावयाची आहे. प्रथम २०० हातांचा चौरस कापला, ४०,००० गेले. त्या चौरसाच्या दोन बाजूंना ९० हात रुंदीच्या दोन पट्ट्या लावल्या, ३६,००० गेले. दुप्पट येते ती ह्या दोन पट्ट्यांमुळे. पट्ट्यांच्या मध्ये कोपरा रिकामा राहिला. तो ९० हातांच्या चौरसाने भरला, ८,१०० गेले. आता २९० हातांचा चौरस पुरा झाला. पुन्हा ७ हातांच्या दोन पट्ट्या, ४,०६०. आणि ७ हातांचा कोपरा, ४९. सम स्थानाचा भागाकार म्हणजे पट्ट्या, विषम स्थानाची वजाबाकी म्हणजे कोपरा. 'लीलावती'ची रीत पट्टी आणि कोपरा ह्यांना वेगळे ठेवते. शाळेची रीत दुपटीपुढे अंक लिहून आणि त्याच अंकाने गुणून दोन्ही एकदम वजा करते. कागद थोडा वाचतो, पण शेत दिसेनासे होते. संक्षेपासाठी ही किंमत फार आहे असे मला वाटते.

(येथे एक विषयांतर क्षम्य मानावे. ८८,२०९ चे ८८ आणि २०९ असे दोन तुकडे करून मिळविले तर २९७ परत येतात. ज्या संख्यांच्या वर्गात हा गुण आहे त्यांना गणिती जगत आज 'काप्रेकर संख्या' म्हणते. दत्तात्रेय रामचंद्र काप्रेकर ह्यांचा जन्म १९०५ मध्ये डहाणूस झाला, म्हणजे आजच्या ह्याच पालघर जिल्ह्यात. १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते, आणि त्यांचे संशोधन कागद, पेन्सिल आणि हातचे गणित ह्यांवर उभे होते. भास्कराचार्यांनी २९७ हीच संख्या निवडली हा योगायोगच म्हणावयाचा. पण संख्या हाताने घडविणाऱ्या मनुष्यालाच असे योगायोग दिसतात.)

तथापि 'लीलावती'ला सर्व श्रेय देऊन मोकळे होणे हे परीक्षण नव्हे. मी वर जी पट्ट्यांची आणि कोपऱ्याची मांडणी केली ती त्या सूत्रात लिहिलेली नाही. सूत्र कृतीच सांगते. दोन खंडांच्या बेरजेचा वर्ग कसा होतो हे भास्कराचार्यांनी वर्गाच्या प्रकरणात दिले आहे, पण मूळ काढण्याचे सूत्र त्याच नियमाची उलटी वाटचाल आहे असे बोट दाखवून सांगितलेले नाही. पद्यग्रंथाला हे परवडत होते, कारण तो एकट्याने वाचण्यासाठी नव्हताच. खानदेशात पाटण येथील शिलालेखावरून दिसते की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापिला आणि त्याला निकुंभ घराण्याने शके ११२८ च्या सुमारास दान दिले. सूत्र पाठ करावयाचे आणि त्याचे कारण गुरूच्या तोंडून ऐकावयाचे, अशी ती व्यवस्था होती. सूत्राच्या अंगी संक्षेप शोभत असे तो ह्या दुसऱ्या आवाजाच्या भरवशावर.

एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जॉर्ज जर्व्हिस ह्यांच्या देखरेखीखाली मुंबईत मराठी गणिताची छापील पुस्तके निघू लागली आणि पुढे शाळाखात्याने ती परंपरा चालविली. त्या पुस्तकांचे ऋण मोठे आहे. मराठी गणिताची गद्य भाषा त्यांनीच घडविली. पण तेव्हापासून शालेय अंकगणिताने सूत्राचा संक्षेप ठेवला आणि गुरूचा आवाज गृहीत धरला. ज्या शाळेत तो आवाज आहे तेथे काही बिघडत नाही. एकाच शिक्षकाने अनेक इयत्ता सांभाळावयाच्या, आणि मुलांच्या घरची बोली वारली किंवा कोकणी असताना पुस्तकाच्या मराठीत शिकवावयाचे, अशी जेथे स्थिती असते तेथे वाक्याच्या गाळलेल्या जागा गाळलेल्याच राहतात.

गाळलेली जागा लिहून भरता येत नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. ते काम आमच्याच किनाऱ्यावर सोळाव्या शतकात झाले आहे. कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४६७ मध्ये, म्हणजे इ. स. १५४५ मध्ये, 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली. ह्या टीकेचे वैशिष्ट्य असे की, ती शब्दार्थ सांगून थांबत नाही, उपपत्ती देते. नियम खरा का, हे कोठे आकृतीने, कोठे अव्यक्त राशीने पटवून देते. तिचे नावही सूचक आहे. उपपत्ती ही बुद्धीच्या विलासाची वस्तू होय असे मानणारा टीकाकार वाचकाला केवळ आज्ञाधारक समजत नाही, हे उघड आहे.

पण हाच गणेश दैवज्ञ दुसऱ्या बाजूनेही साक्षीला उभा राहतो. 'बुद्धिविलासिनी'च्या पंचवीस वर्षे आधी, शके १४४२ मध्ये, त्याने 'ग्रहलाघव' हा करणग्रंथ रचला. ग्रहांची स्थाने काढण्यासाठी ज्या आणि चाप ह्यांची किचकट गणिते लागत. गणेशाने ती काढून टाकली आणि त्यांच्या जागी बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार ह्यांनी साधणारे सोपे नियम बसविले. ज्याकोष्टक जवळ नसलेल्या खेडेगावच्या जोश्यालाही त्यावरून पंचांग करता येऊ लागले. महाराष्ट्रात आणि बाहेरही हा ग्रंथ शतकानुशतके चालला; १८६० मध्ये केरो लक्ष्मण छत्रे ह्यांची 'ग्रहसाधनाची कोष्टके' निघाली तरी त्याचा वापर थांबला नाही. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी आपल्या १८९६ च्या ज्योतिषशास्त्राच्या इतिहासात गणेशाला मोठ्या मानाचे स्थान दिले आहे, आणि ते यथार्थ आहे. परंतु 'ग्रहलाघवा'तले नियम कोठून आले हे ग्रंथ सांगत नाही. त्याच्या उपपत्ती पुढे मल्लारीने लिहिल्या आणि उदाहरणे विश्वनाथाने दिली. नियम वापरणारे हजारो झाले. मल्लारी वाचणारे किती झाले असतील, हा ज्याचा त्याने विचार करावा. ग्रहस्थितीत कालांतराने फरक पडू लागला तेव्हा तो का पडतो हे ओळखण्याचे साधन नियम वापरणाऱ्याच्या हाती नव्हते.

तेव्हा प्रतिपक्षाचे म्हणणे नीट मांडले पाहिजे. तो म्हणेल : रीत ही यांत्रिकच असावयाची, तिचा उपयोगच हा की, दर वेळी विचार करावा लागू नये. नागलीच्या शेतावर उभ्या असलेल्या मुलाला उपपत्ती नको होती, त्याला 'उजवीकडून' हा एक शब्द आठवावयास हवा होता. आणि आता तर खिशातल्या फोनमध्ये गणकयंत्र आहे. एक खूण दाबली की मूळ हजर. ह्या आक्षेपातला पहिला भाग मला मान्य आहे. रीत यांत्रिक असण्यात दोष नाही. दोष आहे तो, रीत फसली हे कळण्याचा मार्ग रीतीच्या बाहेर शिल्लक नसण्यात. गणकयंत्रानेही तो मिळत नाही. गुणाकारात एक शून्य अधिक दाबले गेले तर यंत्र त्या चुकीच्या संख्येचे मूळ तितक्याच खात्रीने आणि अधिक दशांश स्थळांपर्यंत दाखवील. आजोबांच्या "एवढी नाय ती" ह्या उद्गारामागे जे होते ते मुलाच्या शिक्षणात नव्हते, आणि ते शिकविण्याजोगे आहे. साठ आणि सत्तर मीटरांच्या दोन कडांमध्ये जो त्रिकोण मावतो तो त्याच बाजूंच्या काटकोन चौकोनाच्या निम्म्याहून मोठा असूच शकत नाही. साठ गुणिले सत्तर ४,२००, निम्मे २,१००. वर्गमूळ काढण्यापूर्वीच उत्तराची वरची मर्यादा ठरलेली होती. उपपत्ती जाणणाऱ्याने ६,६३० हा आकडा लिहिलाच नसता. आणि लिहिला असता तर खाली रेघ मारली नसती.

आम्ही बांधावर बसून काय केले ते सांगतो. मुलाला मी भागाकार-पद्धत पुन्हा शिकविली नाही. सरासरीची रीत सांगितली. ती फार जुनी आहे, आणि तिचे भावंड म्हणावे असे सूत्र बख्शाली हस्तलिखितातही आढळते. चार माणसांच्या अंदाजाने मूळ २,००० धरा. ४४,००,००० ला २,००० ने भागले की २,२००. ज्या आयताची एक बाजू २,००० आणि दुसरी २,२००, त्याला चौरस करावयाचा तर बाजू मधोमध कोठेतरी असणार : २,१००. पुन्हा भागा : २,०९५ आणि थोडे. पुन्हा मध्य : २,०९७.६. दोन फेऱ्यांत काम झाले. ह्या रीतीचा मोठा गुण वेगाचा नाही, क्षमेचा आहे. भागाकार-पद्धतीत एक अंक चुकला की पुढील सर्व अंक वाया जातात आणि चूक झाल्याची खूणही राहत नाही. सरासरीच्या रीतीत मध्येच चुकले तर पुढची फेरी ती चूक पोटात घालते. शिवाय प्रत्येक पायरीवर मूळ दोन आकड्यांच्या मध्ये आहे हे डोळ्यांसमोर असते. शालेय पुस्तकांत तिला भागाकार-पद्धतीच्या शेजारी जागा मिळावयास हरकत नाही.

मूळ २,०९७.६ आले तेव्हा मुलाने विचारले की, दुसरे दशांश स्थळही काढू का. पुस्तकात 'दोन दशांश स्थळांपर्यंत' असे म्हटलेले असते. ह्या प्रश्नाने मला थोडे ओशाळल्यासारखे झाले, कारण ती सवय आम्हीच लावलेली आहे. दोरीने मोजताना एखादा मीटर इकडेतिकडे होणे सहज शक्य आहे. समजा ९० मीटरांचा बांध प्रत्यक्षात ९१ असेल. तर क्षेत्रफळ २,०९९ येते, दोन चौरस मीटरांचाही फरक पडत नाही. पण ६० मीटरांची कड ६१ असेल तर क्षेत्रफळ २,१३१ होते, तेहेतीस चौरस मीटरांचा फरक. चूक तीच, एका मीटरची. एका बाजूवर ती नगण्य आणि दुसरीवर तिसऱ्या हिश्श्याच्या गुंठ्याएवढी. कारण ह्या शेताचा वरचा कोन जवळजवळ काटकोन आहे, आणि काटकोनापाशी समोरची बाजू थोडी वाढली-घटली तरी क्षेत्रफळ हालत नाही. तेव्हा दशांश स्थळे वाढविण्यात वेळ घालविण्यापेक्षा ६० मीटरांची कड तिसऱ्यांदा मोजणे शहाणपणाचे होते, आणि आम्ही तेच केले. हे ज्ञान वर्गमूळाच्या कोणत्याही रीतीत नाही. ते सूत्राच्या आकृतीत आहे.

ह्या बाबतीत भास्कराचार्य आजच्या प्रश्नपत्रिकांपेक्षा सावध होते, हे नमूद केले पाहिजे. पूर्ण वर्ग नसलेल्या राशीचे मूळ त्यांनी 'आसन्न' म्हटले, आणि ते काढण्यासाठी राशीला एखाद्या मोठ्या वर्गाने गुणून मग मूळ घ्यावयास सांगितले. सव्वातीन भुज आणि सव्वातीन कोटी असलेल्या त्रिकोणाचा कर्ण त्यांनी १०,००० ने गुणून काढला आहे : १,३५,२०,००० चे आसन्नमूळ ३,६७७, त्याला ८०० ने भागून ४ आणि ४७७/८००. गुणक किती मोठा घ्यावयाचा हे करणाराच ठरवितो. म्हणजे सूक्ष्मता किती हवी हा निर्णय रीतीने घेतलेला नाही, मनुष्यावर सोपविला आहे. आणि चार बाजूंवरूनच चौकोनी शेताचे निश्चित क्षेत्रफळ विचारणाऱ्यावर, व ते सांगणाऱ्यावर तर त्याहून अधिक, ते कसे उखडतात हे 'लीलावती'च्या वाचकांना ठाऊक आहे. कर्ण किंवा लंब दिल्याखेरीज चौकोनाचा आकारच निश्चित होत नाही. समोरासमोरच्या बाजूंची सरासरी घेऊन गुणाकार करण्याची जी ढोबळ वहिवाट आहे तिच्यावर इतकी नेमकी टीका नंतरच्या शालेय पुस्तकांत मला आढळली नाही.

उपपत्तीचा आग्रह धरताना एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे, आणि तो ह्याच डोंगरांतून आलेला आहे. सह्याद्रीतल्या ओढ्यानाल्यांना किती पूर येईल ह्याचा अंदाज बांधण्यासाठी अभियंते इंग्लिस ह्यांचे सूत्र वापरीत आले आहेत. पाणलोटाचे क्षेत्र चौरस किलोमीटरांत घेऊन १२४ ने गुणावयाचे, आणि त्याच क्षेत्रात १०.४ मिळवून येणाऱ्या संख्येच्या वर्गमूळाने भागावयाचे. उत्तर दर सेकंदाला घनमीटर. क्षेत्र ५.६ असेल तर मूळ नेमके ४ येते आणि पूर सुमारे १७४ घनमीटर. हे वर्गमूळ कोणत्याही चौरसाची बाजू नव्हे. पश्चिम भारतातील पंख्याच्या आकाराच्या पाणलोटांत मोजलेल्या पुरांवरून ते बसविलेले आहे. ज्या मोखाड्यात आज १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण मुंबईसाठी पाणी अडविते, तेथल्या पावसाला उपपत्ती विचारून चालत नाही. पण हे सूत्र स्वतःला अनुभवसिद्ध म्हणविते, आपण कोणत्या प्रदेशाचे हे सांगते, आणि म्हणून वापरणारा सावध राहतो. गाळलेल्या कारणाची कबुली देणारे वाक्य आणि कारण गाळल्याचा मागमूसही न ठेवणारे वाक्य ह्यांत मोठे अंतर आहे.

शेताकडे परत येतो. आमचे २,०९८ चौरस मीटर अजून कच्चेच होते, कारण दोरी उतारावरून धावली होती आणि नकाशा सपाट असतो. तळाचा बांध समपातळीत होता. वरचे टोक त्याच्यापेक्षा सुमारे १२ मीटर उंच निघाले. क्षेत्रफळाला बांधाच्या निम्म्याने, म्हणजे ४५ ने भागले की उतारावरचा लंब ४६.६ मीटर मिळतो. त्याच्या वर्गातून १२ चा वर्ग १४४ वजा करून पुन्हा मूळ घ्यावयाचे. ह्या वेळी मुलाने ते एकट्याने घेतले, आणि आरंभीचा अंदाज ४५ हा स्वतःच धरला : ४५ आणि किंचित अधिक. गुणिले ४५, म्हणजे सुमारे २,०२७ चौरस मीटर. जवळजवळ नेमके वीस गुंठे. कागदावर वीस गुंठे लिहिले गेले.

आजोबांनी वीस हा आकडा मान्य केला, पण मधले सत्तर चौरस मीटर कोठे गेले हे त्यांना हवे होते. मी त्यांना सांगितले की, पाऊस सरळ खाली पडतो, रोप सरळ वर वाढते, आणि सर्व नकाशे वरून पाहिलेल्या जमिनीचे असतात. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले की, कुदळ जी चालते ती उतारावर की नकाशावर.